स्टिरिओ जोडी : दोन सपाट फोटोंतून खोली दिसण्यासाठी डोळे, कॅमेरा आणि कागद कसे जुळवायचे

दोन जवळजवळ सारखे फोटो शेजारीशेजारी ठेवले आणि नजर नीट लावली, की सपाट कागदावर खोली, म्हणजे वस्तूंचा पुढेमागेपणा, उभी राहते. अशा दोन फोटोंना स्टिरिओ जोडी म्हणतात. हे ऐकलेलं पुष्कळांनी असतं, पण करायला बसलं की गाडी अडते. कोणी डोळे ताणून डोकं दुखवून घेतं. कोणाला दोनाची चार चित्रं दिसतात आणि काहीतरी बिघडलं असं वाटून ते तिथेच थांबतात, खरं तर ते अगदी योग्य वाटेवर असतात. कोणाला खोली दिसते पण उलटी, डोंगर पुढे आणि माणूस मागे. शेवटी सगळ्यांचं म्हणणं एकच, "माझ्या डोळ्यांना हे जमत नाही."

बहुतेक वेळा डोळ्यांत खोट नसते, क्रम चुकलेला असतो. लोक थेट फोटोपासून सुरुवात करतात, आणि फोटो ही यातली सर्वात अवघड पायरी आहे. खालच्या क्रमानं जा. एक पायरी जमल्याशिवाय पुढची घेऊ नका.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. तेवढ्यामुळे समोरचं दृश्य दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनातून दिसतं. ज्या बिंदूवर तुम्ही नजर रोखता, तो दोन्ही डोळ्यांत दृष्टिपटलाच्या सर्वात तीक्ष्ण जागी पडतो. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वस्तूंच्या प्रतिमा मात्र दोन दृष्टिपटलांवर थोड्या वेगवेगळ्या जागी पडतात. हा आडवा फरक मेंदू मोजतो आणि त्यावरून खोली ठरवतो.

हे मोजमाप डोळ्यात होत नाही. दोन्ही डोळ्यांचे संदेश मेंदूकडे जाताना वाटेतल्या टप्प्यावरही वेगवेगळ्या थरांत राहतात. एकाच पेशीपर्यंत ते पहिल्यांदा पोचतात ते मेंदूच्या अगदी मागच्या भागात, दृष्टीच्या पहिल्या केंद्रात. तिथल्या काही पेशी वस्तू नजरेच्या अलीकडे असली की जोरात प्रतिसाद देतात, काही पलीकडे असली की, तर काही फरक शून्य असला की. वस्तू काय आहे हे ओळखण्याची या मोजणीला गरज नसते. नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांच्या दोन चित्रांत मधला चौकोन थोडा आडवा सरकवला, तर एका डोळ्याला काहीच न दिसणारा तो चौकोन दोन डोळ्यांना तरंगताना दिसतो.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात आणि पुढच्या सगळ्या चुका यातल्या कुठल्यातरी एकीशी जाऊन भिडतात.

फरक आडवाच हवा. एक चित्र वर, एक खाली किंवा एक किंचित तिरकं झालं, की तो फरक खोली सांगत नाही, डोळ्यांना फक्त शिणवतो.

फरक मर्यादेत हवा. तो फार वाढला की मेंदू दोन प्रतिमा एक करणं सोडून देतो आणि वस्तू दुहेरी दिसते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जवळचं पाहताना डोळे एकाच वेळी दोन कामं करतात : दोन्ही बुबुळं आत वळतात आणि आतलं भिंग जवळच्यासाठी फोकस होतं. ही कामं जन्मभर जोडीनं झालेली असतात. स्टिरिओ जोडी पाहताना मात्र फोकस कागदावर ठेवायचा असतो आणि नजरेचा नेम कागदाच्या पलीकडे किंवा अलीकडे लावायचा असतो. या दोन कामांची सांगड सोडवणं हे एकच कौशल्य शिकायचं आहे. त्यात ताकदीचं काही काम नाही, म्हणून डोळे ताणून काहीच हाती लागत नाही.

## पायरी १ : डोळ्यांची तयारी

चष्मा असेल तर लावा. दोन्ही डोळ्यांना चित्र सारखं स्पष्ट दिसायला हवं. एका डोळ्याचं चित्र अंधूक असेल तर खोलीची सूक्ष्मता झपाट्यानं उतरते. एकेक डोळा तळहातानं झाकून ४० सेंटिमीटरवरचा बारीक मजकूर वाचून बघा. एका डोळ्याला वाचता येत नसेल तर आधी डोळे तपासून घ्या, पुढच्या पायऱ्या पळून जात नाहीत.

चाळिशी लागलेल्यांनी वाचायचा चष्मा लावूनच बसावं. दोन्ही डोळ्यांना सुमारे उणे अडीचचा नंबर असणाऱ्यांना एक सोय आहे : चष्मा काढून, कागद ४० सेंटिमीटरवर धरून बघा. तुमचे डोळे तिथे कष्टाशिवाय फोकस होतात, त्यामुळे नजर सैल सोडणं सोपं जातं.

आता दोन पेनांची चाचणी. समोरच्या माणसाला एक पेन टोक वर करून, तुमच्या हाताच्या टप्प्यात उभं धरायला सांगा. तुम्ही दुसरं पेन वरून खाली आणत टोकाला टोक लावा. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एक डोळा झाकून. दोन्ही डोळ्यांनी सहज जमतं, एका डोळ्यानं पेन बहुधा पुढे किंवा मागे जातं.

इथे चुकतं : दोन्ही पेनं स्वतःच धरणं. आपल्या एका हाताला दुसऱ्या हाताची जागा नजरेशिवायही कळते, त्यामुळे चाचणी काहीच सांगत नाही. डोकं हलवणं ही दुसरी चूक. डोकं हललं की जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकतात आणि एका डोळ्यालाही खोलीचा अंदाज येतो. हनुवटी हातावर टेकवून बसा.

थांबा आणि तपासा : दोन्ही डोळे उघडे असूनही, पुन्हा पुन्हा करूनही, एका डोळ्याइतकंच चुकत असेल तर दोन डोळ्यांची खोली क्षीण असू शकते. लहानपणापासूनचा तिरळेपणा, आळशी डोळा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतला मोठा फरक यामुळे असं होतं. अशी माणसं सावली, आकार, कोण कोणाला झाकतंय आणि हालचाल यांवरून जगाचा अंदाज उत्तम घेतात, फक्त स्टिरिओ जोडी त्यांच्यासाठी उठत नाही. सरावानं उठेल असं समजून डोळ्यांना दामटू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

## पायरी २ : बोट आणि भिंत

नाकासमोर ३० सेंटिमीटरवर एक बोट उभं धरा आणि पलीकडच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडे बघा. बोट दोन दिसेल. आता बोटाकडे बघा. बोट एक होईल आणि खूण दोन. हे दुहेरी दिसणं दिवसभर चालूच असतं, मेंदू त्याकडे दुर्लक्ष करतो एवढंच. इथे ते मुद्दाम लक्षात आणायचं आहे, कारण पुढे प्रत्येक वेळी "दोन दिसतंय" हीच आपली खूण असणार आहे.

नजर भिंतीवर ठेवून उजवा डोळा मिटा. दोन बोटांतलं डावं बोट नाहीसं होईल. अलीकडच्या वस्तूच्या प्रतिमा अशा उलटसुलट पडतात, पलीकडच्या वस्तूच्या सरळ : बोटाकडे बघत उजवा डोळा मिटला तर भिंतीवरची उजवी खूण जाते. हा भेद आत्ता करून बघा. फोटोंची डावी-उजवी बाजू चुकली आहे का, हे पुढे याच हिशेबानं कळणार आहे.

इथे चुकतं : बोट दोन दिसायला लागताच नजर आपोआप बोटावर उडी मारते आणि बोट पुन्हा एक होतं. नजर भिंतीवर आणि *लक्ष* बोटावर, असं धरून ठेवायला शिका. पंधरा-वीस सेकंद धरता आलं की पुढे जा.

एकच बोट दिसत असेल, कितीही केलं तरी, तर मेंदू एका डोळ्याचं चित्र दाबून टाकत असावा. दोन्ही डोळे आळीपाळीनं मिटून कुठलं चित्र गायब आहे ते पाहा आणि ही गोष्टही तपासणीच्या वेळी सांगा.

## पायरी ३ : दोरा आणि तीन मणी

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते नजर वळवण्याचं खरं शिक्षण इथेच होतं, फोटोवर होत नाही.

सुमारे एक मीटर पांढरा दोरा घ्या. त्यात वेगवेगळ्या रंगांचे तीन मणी ओवा. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरा आणि दोरा ताठ ठेवा. मणी साधारण २०, ४० आणि ८० सेंटिमीटरवर आणा.

मधल्या मण्याकडे बघा. मणी एक दिसायला हवा आणि दोरे दोन, मण्यापाशी एकमेकांना छेदणारे, फुलीसारखे. जवळचा आणि लांबचा मणी दोन-दोन दिसतील. आता नजर लांबच्या मण्यावर न्या, फुली त्याच्याबरोबर सरकेल. मग जवळच्या मण्यावर. मग परत.

फुली नेमकी कुठे पडते ते बारकाईनं बघा, कारण तुमची नजर खरोखर तिथेच आहे. मण्याकडे बघतोय असं वाटत असतं आणि फुली मण्याच्या अलीकडे पडलेली असते, म्हणजे डोळे गरजेपेक्षा जास्त आत वळलेत. पलीकडे पडली तर कमी वळलेत. इतकं स्पष्ट उत्तर देणारं साधन घरच्या घरी दुसरं नाही.

शेवटी मणी सोडून द्या. दोऱ्यावर जिथे मणी नाही, अशा जागी फुली नेऊन थांबवा. रिकाम्या जागेवर नजर रोखता येणं, हेच पुढे फोटोच्या पलीकडे करायचं आहे.

इशारा : एका बैठकीत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. मधे खिडकीबाहेर लांब बघा. थकवा येणं स्वाभाविक आहे, दुखणं नाही. डोळे आत वळवल्यानं ते तसेच अडकून बसतात ही भीती मात्र मनातून काढून टाका.

## पायरी ४ : चार वर्तुळांचं चित्र

आता कागदावर पहिली स्टिरिओ जोडी काढायची, फोटो अजूनही नाही. मापं काटेकोर ठेवा.

आडव्या रेघेवर ५५ मिलिमीटर अंतरानं दोन बिंदू घ्या. प्रत्येकाभोवती ३० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. आता आतली वर्तुळं, १५ मिलिमीटर व्यासाची. त्यांचे मध्यबिंदू बाहेरच्या वर्तुळांच्या मधोमध घ्यायचे नाहीत. डाव्या चित्रात आतलं वर्तुळ १ मिलिमीटर उजवीकडे, उजव्या चित्रात १ मिलिमीटर डावीकडे. म्हणजे आतल्या वर्तुळांचे मध्यबिंदू एकमेकांपासून ५३ मिलिमीटरवर आले. सगळे बिंदू एकाच आडव्या रेघेवर आहेत ना, पुन्हा पाहून घ्या.

पाहायच्या पद्धती दोन आहेत.

*समांतर नजर :* डावा डोळा डावं चित्र बघतो, उजवा उजवं, आणि नजरेचा नेम कागदाच्या खूप मागे असतो. कागद ४० सेंटिमीटरवर धरा, त्याच्या वरच्या कडेवरून लांबच्या भिंतीकडे बघा. भिंतीवरची नजर न बदलता कागद सावकाश वर उचला, वर्तुळं नजरेच्या वाटेत येऊ द्या. दोन चित्रांची चार होतील. चारांपैकी मधली दोन हळूहळू जवळ येऊन एकमेकांवर बसतील आणि एकूण तीन उरतील. मधलं तेच आपलं.

*आत वळलेली नजर :* नेम कागदाच्या अलीकडे असतो, त्यामुळे डावा डोळा उजवं चित्र बघतो आणि उजवा डावं. कागद आणि डोळे यांच्या साधारण निम्म्या वाटेवर पेन्सिलीचं टोक धरा आणि टोकाकडे बघा. मागे चार चित्रं दिसतील. पेन्सिल थोडी पुढेमागे करून मधली दोन एकावर एक आणा. मग पेन्सिल खाली घ्या, नजर मात्र तिथेच.

तीन दिसू लागली की मधलं चित्र बहुतेक वेळा अंधूक असतं. निम्मे लोक इथे घाई करतात, ते स्पष्ट करायला जातात आणि सगळं फिसकटतं. काही करू नका. बाहेरच्या वर्तुळाच्या कडेवर लक्ष ठेवून सहा-सात सेकंद नुसतं थांबा. आधी नेम स्थिर होतो, फोकस मागून येतो. कड बारीक होत जाते, शाईची रेघ काळी होते आणि एका क्षणी आतलं वर्तुळ बाहेरच्यापासून सुटून निघतं. "थोडंसं वर आल्यासारखं वाटतंय" असं ते नसतं. दोन वर्तुळांमध्ये रिकामी हवा आहे हे डोळ्यांना साफ दिसतं.

थांबा आणि तपासा : समांतर नजरेनं आतलं वर्तुळ तुमच्या दिशेनं पुढे यायला हवं. आत वळलेल्या नजरेनं तेच वर्तुळ मागे, एखाद्या कपाच्या तळासारखं खोल जायला हवं. तुम्ही समांतर नजर लावतोय असं समजता आणि वर्तुळ मागे जातंय, तर तुमचे डोळे आत वळलेले आहेत, तुम्हाला काहीही वाटत असो. ही खात्री झाल्याशिवाय फोटोला हात लावू नका, कारण फोटोत खोली उलटी दिसली तर चूक नजरेची की मांडणीची हे कळायला मार्ग राहत नाही.

समांतर नजर काही केल्या जमत नसेल तर पुठ्ठ्याची एक पट्टी दोन चित्रांच्या मधोमध उभी धरा, दुसरी कड नाकाला टेकवा. आता प्रत्येक डोळ्याला एकच चित्र दिसतं आणि चार चित्रांचा गोंधळ टळतो. चार-पाच वेळा जमलं की पट्टी काढा.

## पायरी ५ : फोटो काढणं

साध्या मोबाइलनं, एकाच कॅमेऱ्यानं, दोन फोटो काढता येतात, फक्त दृश्य स्थिर हवं. वाऱ्यानं हलणारी पानं, चालती माणसं, पाण्याच्या लाटा पहिल्या प्रयत्नाला नकोत. दोन फोटोंच्या मधल्या वेळात जे हलतं, त्याचा फरक मेंदू खोली म्हणूनच वाचतो आणि ते भलत्याच अंतरावर चमकत राहतं.

विषय निवडताना जवळचं, मधलं आणि लांबचं असे तीन थर तरी असू द्या.

१. सर्वात जवळच्या वस्तूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर मोजा आणि त्याला ३० नं भागा. दोन फोटोंमध्ये कॅमेरा तेवढाच आडवा सरकवायचा. वस्तू २ मीटरवर असेल तर सुमारे साडेसहा सेंटिमीटर, जवळपास आपल्या डोळ्यांमधल्या अंतराएवढं. ६० सेंटिमीटरवर असेल तर २ सेंटिमीटर. ३० सेंटिमीटरवरच्या फुलासाठी फक्त १.

२. एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) आणि फोकस लॉक करा. झूम बदलू नका. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद.

३. पाय थोडे फाकवून उभे राहा. वजन डाव्या पायावर घेऊन डावा फोटो काढा, मग वजन उजव्या पायावर घेऊन उजवा. जवळच्या विषयासाठी मोबाइल टेबलावर एखाद्या पट्टीला टेकवून सरकवा, ते जास्त भरवशाचं.

४. पडद्यावरच्या ग्रिड रेषा चालू ठेवा. लांबची एक खूण धरा आणि दोन्ही फोटोंत ती रेषेपासून त्याच उंचीवर ठेवा.

इथे चुकतं : कॅमेरा सरकवण्याऐवजी वळवणं. दोन्ही फोटोंत विषय मधोमध यावा म्हणून हात आपोआप मोबाइल वळवतो. मग एका फोटोत डावी बाजू मोठी होते, दुसऱ्यात उजवी, आणि कडांना नको असलेला उभा फरक तयार होतो. कॅमेरा सरळ समोर बघत राहिला पाहिजे. विषय एका फोटोत थोडा उजवीकडे आणि दुसऱ्यात थोडा डावीकडे आला तरी येऊ द्या, तो फरकच तर आपल्याला हवा आहे.

दुसरी चूक म्हणजे "खोली जास्त दिसेल" म्हणून भरपूर सरकणं. जवळच्या वस्तू दुहेरी होतात आणि डोळे त्या जुळवता जुळवता दमतात.

## पायरी ६ : जोडी लावणं

आधी डावा कुठला आणि उजवा कुठला ते ठरवा, आठवणीवर विसंबू नका. जवळची एखादी वस्तू घ्या आणि तिच्या मागची खूण बघा. ज्या फोटोत जवळची वस्तू मागच्या खुणेच्या तुलनेत *उजवीकडे* सरकलेली दिसते, तो डाव्या डोळ्याचा. समांतर नजरेसाठी तो डावीकडे ठेवा, आत वळलेल्या नजरेसाठी उजवीकडे.

मग उंची जुळवा. लांबची एक खूण आणि जवळची एक खूण, दोन्ही दोन्ही फोटोंत एकाच आडव्या रेषेत हव्यात. डावी खूण जुळते पण उजवी वरखाली होते, असं असेल तर एक फोटो किंचित फिरलेला आहे. तो अर्धा-एक अंश फिरवून पुन्हा पाहा. संपूर्ण कामात सर्वात जास्त वेळ इथे द्या. डोळे आडवे सहज वळतात, वरखाली वेगवेगळे होणं त्यांना फारसं जमत नाही. जोडी "दिसते पण डोकं जड होतं" यामागे बहुधा एवढुसा उभा फरक निघतो.

पुढचं काम चौकटीचं. मनात धरा की फोटोची चौकट ही खिडकी आहे. खिडकीच्या कडेनं कापलेली वस्तू खिडकीच्या पलीकडेच असू शकते. जवळची फांदी चौकटीच्या कडेनं कापली गेली आणि तरीही आडवा फरक सांगतोय की ती चौकटीच्या अलीकडे आहे, तर दोन पुरावे भांडतात आणि ती कड सतत खुपते. उपाय : डाव्या चित्राची डावी कड आणि उजव्या चित्राची उजवी कड सारखीच छाटत जा, सर्वात जवळची वस्तू दोन्ही चित्रांत आपापल्या डाव्या कडेपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत. मग ती वस्तू बरोबर खिडकीत बसते आणि बाकी सगळं मागे जातं.

आता आकार. समांतर नजरेसाठी एकेक चित्र ५० ते ५५ मिलिमीटर रुंद ठेवा आणि दोन्ही कडेला कड लावून मांडा. लांबच्या खुणांमधलं अंतर ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं, की बहुतेकांना दोन्ही डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतील, आणि तशी सवय डोळ्यांना नसते. मोबाइल आडवा धरून पूर्ण पडदाभर जोडी लावली की नेमकं हेच होतं. बोटांनी चित्र लहान करा, दुसरं काही बिघडलेलं नसतं. आत वळलेल्या नजरेला ही मर्यादा नाही, मोठ्या पडद्यावर तीच वापरा.

## पायरी ७ : पाहणं, आणि बिघाड ओळखणं

पायरी ४ मध्ये जमलेली नजर इथे लावा. डोकं सरळ ठेवा. डोकं एका खांद्याकडे कलंडलं तर एक डोळा वर आणि एक खाली जातो, आणि मेहनतीनं जुळवलेली आडवी रेष वाया जाते. पहिली नजर लांबच्या किंवा मधल्या थरावर टाका, अगदी जवळच्या वस्तूवर नको. तीन चित्रं झाली की थांबा, स्पष्ट होऊ द्या, मग दृश्यात फिरा.

चारच दिसतात, तीन होत नाहीत. समांतर नजरेत चित्रं एकमेकांपासून जास्त लांब आहेत, लहान करा किंवा थोडी मागे धरा. आत वळलेल्या नजरेत पेन्सिल पुढेमागे करा.

तीन होतात, पण मधलं एक वर आणि एक खाली असं घसरतं. डोकं कललेलं आहे किंवा उंची जुळलेली नाही. आधी डोकं सरळ करा, तरीही घसरलं तर पायरी ६ वर परत जा.

मधलं चित्र एक झालं, पण सपाट. दोन्ही बाजूंना चुकून एकच फोटो लागला आहे का बघा, असं फार वेळा होतं. नाहीतर सगळ्याच वस्तू कॅमेऱ्यापासून लांब आहेत. दोन डोळ्यांची खोली अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ढासळते. चांगल्या नजरेला २० कोनसेकंदांचा (एक कोनसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक कळतो असं धरलं, तर १ मीटरवर दीड मिलिमीटरचा पुढेमागेपणा कळतो, १० मीटरवर १५ सेंटिमीटरचा आणि १०० मीटरवर १५ मीटरचा. लांबचा डोंगर मोबाइल साडेसहा सेंटिमीटर सरकवून उठणार नाही. सर्वात जवळचं झाड १०० मीटरवर असेल तर तीसनं भागायच्या नियमानं सुमारे ३.३ मीटर सरकायला हवं. तेवढं सरकलात तर डोंगर उठेल, पण मेंदू आपल्याच डोळ्यांचं अंतर धरून हिशेब करतो, म्हणून तो टेबलावर ठेवलेल्या प्रतिकृतीएवढा छोटा दिसेल.

एखादा भाग चमचमतो, कधी एका चित्रातला दिसतो, कधी दुसऱ्यातला. तिथे दोन्ही चित्रं एकमेकांशी जुळतच नाहीत : काहीतरी हललंय किंवा काच, पाणी, चकाकतं भांडं यांवरचं प्रतिबिंब वेगळं पडलंय. मेंदू अशा वेळी दोन्ही आलटून पालटून दाखवतो. हललेल्या भागाला दुरुस्ती नाही, फोटो पुन्हा काढा.

दिसतं, पण दोन सेकंदांत सुटतं. नजर सुटते ती बहुधा स्पष्ट करण्याच्या घाईनं. दोऱ्याकडे परत जा आणि रिकाम्या जागेवर फुली धरून ठेवण्याचा सराव करा. फोटोवर झटत राहून हे सुधारत नाही.

डोळे दुखतात, मळमळतं. लगेच थांबा, लांब बघा, आजचा दिवस सोडा. आणि एक वेगळी गोष्ट : या सरावाशी संबंध नसताना, साधं बघताना अचानक दोन-दोन दिसायला लागलं, तर घरगुती प्रयोग करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लहान मुलाचा एक डोळा वळत असेल, ते टीव्ही बघताना एक डोळा मिटत असेल किंवा डोकं सतत एका बाजूला कलतं ठेवत असेल, तर या चाचण्या त्याच्यावर करून निर्णय घेऊ नका. दोन डोळ्यांची खोली बाळाला तीन ते पाच महिन्यांच्या सुमारास दिसू लागते आणि पुढची काही वर्षं ती घडत असते. तपासणी जितकी लवकर तितका उपचाराला वाव जास्त.

खोली उलटी दिसते. वर्तुळांची चाचणी पक्की झालेली असेल तर फोटोंची बाजू चुकली आहे, अदलाबदल करा. फक्त हे चेहऱ्याच्या फोटोवर तपासू नका. चेहऱ्याची बाजू उलटवली तरी नाक आत गेलेलं सहसा दिसत नाही, कारण चेहरा पुढे उंचावलेला असतो या ओळखीपुढे मेंदू आडव्या फरकाचं म्हणणं बाजूला ठेवतो. मागची भिंत, बाजूची कुंडी, खुर्चीचे पाय यांच्याकडे बघा. ते पुढे आलेले असतील तर जोडी नक्की उलटी लागली आहे.